‘जुना माल असाच असतो’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका छायाचित्रकाराने जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवरून मुंबईतल्या विक्रेत्याची ७०-२०० मिमीची वापरलेली झूम लेन्स ६२,००० रुपयांना घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘काच स्वच्छ, फंगस नाही, कधी उघडलेली नाही, कंडिशन १० पैकी ९’. टोकन म्हणून १०,००० रुपये यूपीआयने दिले आणि उरलेले ५२,००० विक्रेत्याने पाठवलेल्या पेमेंट लिंकवर क्रेडिट कार्डाने भरले. चार दिवसांपूर्वी कुरिअर आलं. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या काचेवर फंगसचं, म्हणजे बुरशीचं, कोळिष्टकासारखं जाळं. विक्रेता म्हणतो, ‘भाऊ, जुना माल असाच असतो’, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं आहे. अ‍ॅपवर मात्र त्याची नोंद ‘वैयक्तिक विक्रेता’ अशी आहे. पैसे परत मिळतील का? आणि इथला मेकॅनिक साडेतीन हजारांत साफ करून देतो म्हणतोय, तर करून घ्यावं का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे घाई झाली तर बाकीचं सगळं निष्फळ ठरेल. लेन्स साफ करून घेऊ नका. एकदा ती उघडली की तुमचा पुरावा मेकॅनिकच्या टेबलावरच पुसला जातो. ‘कधी उघडलेली नाही’ हा विक्रेत्याचा दावाही मग तपासता येत नाही, कारण स्क्रू फिरवल्याच्या खुणा कुणाच्या, हे कोण सांगणार? दुसरं म्हणजे, ही लेन्स घेऊन येत्या रविवारच्या लग्नाला जाऊ नका. माल विक्री कायदा, १९३० मध्ये साधा नियम आहे. वस्तू हातात आल्यावर तुम्ही ती स्वतःची असल्यासारखी वापरलीत, किंवा नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतलीत, तर तुम्ही ती स्वीकारली असं धरलं जातं. स्वीकारल्यानंतर नुकसानभरपाई मागता येते, पण ‘घ्या तुमची वस्तू, द्या माझे पैसे’ हा हक्क निसटतो.

हे मी ठासून सांगते कारण सतरा वर्षांच्या वकिलीत लोकांचे दावे सर्वांत जास्त इथेच लंगडे पडलेले पाहिले आहेत. वाईच्या एका शिक्षिकेने जुना लॅपटॉप घेतला होता. ‘बॅटरी चार तास चालते’ असं लेखी होतं, आणि चालायची जेमतेम पाऊण तास. त्यांची बाजू खरी होती. पण शाळेचं काम अडेल म्हणून त्यांनी तो तीन महिने वापरला आणि मग माझ्याकडे आल्या. शेवटी नव्या बॅटरीचे पैसे आणि थोडी भरपाई, एवढंच पदरात पडलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन ओळींचं पत्र पाठवलं असतं, तर पूर्ण रक्कम मागता आली असती.

आता मूळ मुद्दा. जुन्या वस्तूच्या खरेदीत तुमची बाजू दोषावर उभी नसते, विक्रेत्याच्या शब्दांवर उभी असते. वापरलेल्या लेन्सवर ओरखडे असणार, रबर सैल असणार, हे तुम्हीही मान्य करता. विक्रेत्याने ‘जुनी लेन्स, आहे तशी’ एवढंच लिहून स्वस्तात विकली असती, तर मी तुम्हाला भांडू नका असं सांगितलं असतं. पण त्याने ‘फंगस नाही’ असं लिहिलं, आणि ते वाचून तुम्ही ६२,००० मोजले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या इथे तुमच्या कामाची आहे. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या दर्जातली उणीव हा दोष आहेच, पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्या दाव्यापेक्षा वस्तू कमी असणं हाही दोषच आहे. वस्तू नवी की जुनी, असा भेद ती व्याख्या करत नाही. म्हणून ‘जुना माल असाच असतो’ हे तुमच्या तक्रारीचं उत्तर होत नाही. जुना माल कसा असतो हा वाद नाही, हा माल कसा आहे म्हणून सांगितलं होतं हा वाद आहे.

त्यामुळे जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य वेगळं तपासा. ‘१० पैकी ९’ हे विक्रेत्याचं मत आहे, त्यावर फार भार टाकू नका. ‘काच स्वच्छ’ थोडं संदिग्ध आहे. ‘फंगस नाही’ आणि ‘कधी उघडलेली नाही’ ही मात्र खरी-खोटी करता येणारी विधानं आहेत. तुमची सगळी तक्रार त्या दोनांवर उभी करा. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते त्या, कड्यावरचे स्क्रू नीट पाहा. त्यांच्या डोक्यांवरचा काळा रंग उडाला असेल, खाचा झिजल्या असतील, तर दुसरं विधानही खोटं ठरण्याची शक्यता आहे. जवळून फोटो काढून ठेवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेणं अपेक्षित आहे. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरात केलेले किंवा ठरलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्या विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

इथे एक अडचण येऊ शकते, आणि विक्रेता तीच पुढे करेल: ‘मी दुकानदार नाही, घरातली लेन्स विकली.’ ई-कॉमर्स नियम वैयक्तिक व्यवहारांना लागू नाहीत हे खरं आहे. एखाद्याने आपला जुना कॅमेरा विकला तर तो व्यापारी ठरत नाही. पण ही सूट नियमित किंवा पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्याला मिळत नाही. अ‍ॅपवर ‘वैयक्तिक’ या खुणेवर टिचकी मारल्याने कुणी व्यापारी असायचं थांबत नाही. म्हणून आज रात्रीच त्याची प्रोफाइल उघडा आणि विक्रीला लावलेल्या सगळ्या वस्तूंचे स्क्रीनशॉट घ्या. दहा-बारा लेन्स, चार बॉडी, फ्लॅश असं काही दिसलं तर तो व्यापारी आहे हे सांगायला दुसरं काही लागत नाही. तुमच्याकडे तर दुकानाच्या नावाचं बिल आहे. त्यावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. नोंदणीकृत नाव आणि व्यवसायाचं ठिकाण तिथे दिसतं. नोटीस पाठवायला खरा पत्ता लागतो आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. पत्ता मिळाला नाही तर अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवून विक्रेत्याचा तपशील मागा. खरेदीदाराने लेखी मागितल्यावर तो देणं ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असंही नियम सांगतात.

दुसरी हरकत तुमच्या धंद्यावरून घेतली जाईल. ‘हे व्यावसायिक छायाचित्रकार आहेत, लेन्स धंद्यासाठी घेतली, मग हे ग्राहक कसले?’ उत्तर कायद्यातच आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणासाठी’ घेतली असं मानलं जात नाही. तुम्ही स्वतः फोटो काढता, त्यावर घर चालतं, हे तक्रारीत पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा. हे वाक्य राहून गेल्याने सुरुवातीलाच खोडा बसलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. पाच-सहा माणसं कामाला ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला हे सिद्ध करणं जड जातं.

आता पुरावा. जाहिरात अजून दिसते आहे का, ते आधी पाहा. दिसत असेल तर संपूर्ण पान, विक्रेत्याचं नाव, तारीख, लिंक, सगळं येईल असे स्क्रीनशॉट घ्या. पान वरून खाली सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंगही करा. फक्त वर्णनाचा तुकडा कापून घेतलात तर तो कुणाचा, हे सिद्ध करत बसावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचा पूर्ण संवाद एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, आपोआप पुसले जाणारे संदेश चालू असतील तर बंद करा, व्हॉइस नोट्स वेगळ्या साठवा. ज्या मोबाइलवर हे सगळं झालं तो इतक्यात विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की काम सोपं होतं. फोनवर बोलणं झालं की लगेच एक संदेश टाका, ‘आत्ता फोनवर तुम्ही म्हणालात की फंगस किरकोळ आहे, चालून जाईल.’ त्याने ते नाकारलं नाही, तरी तुमचं काम झालं. आणि फंगस आहे हे त्याने एकदा लेखी मान्य केलं, तर अर्धी लढाई तिथेच संपली.

लेन्सचे फोटो काढताना एका चौकटीत अनुक्रमांक आणि दुसऱ्या चौकटीत जाळं, असं नको. अखंड व्हिडिओ घ्या. आधी कुरिअरच्या खोक्यावरचं लेबल, मग लेन्सवरचा अनुक्रमांक, आणि कॅमेरा न थांबवता मागच्या बाजूने टॉर्च मारून आतलं जाळं. विक्रेता पुढे म्हणणार आहे, ‘मी चांगली लेन्स पाठवली, याने बदलली.’ जाहिरातीतल्या एखाद्या फोटोत अनुक्रमांक दिसतो का ते शोधा. दिसला तर हा मुद्दा तिथेच संपतो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच, नसेल तर त्यासाठी हळहळत बसू नका, त्याशिवायही दावे उभे राहतात.

त्याचा तिसरा बचाव असा असेल की फंगस तुमच्याकडे आल्यावर धरलं. आपल्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा बचाव ऐकायला पटतो. पण चार दिवसांत असं जाळं पसरत नाही, त्याला आठवडे लागतात. तुमच्या मेकॅनिककडे जा, पण लेन्स उघडायला नाही. न उघडता तपासून त्याच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या. त्यात तारीख, अनुक्रमांक, काय दिसलं, ते अंदाजे किती जुनं वाटतं आणि उघडल्याच्या खुणा आहेत का, एवढं यायला हवं. साफसफाईने पूर्ण जाईल की काचेवरच्या लेपाला डाग राहतील हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही, हेही त्याने लिहावं. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बुरशी लेप खाते, म्हणूनच ‘साडेतीन हजारांचं तर काम आहे’ हा युक्तिवाद अर्धवट ठरतो.

मग नकाराचं पत्र. हे आज किंवा उद्याच जायला हवं, चांगला मसुदा सुचण्याची वाट पाहू नका. मजकूर असा ठेवा:

‘दि. … रोजी तुमच्याकडून ६२,००० रुपयांना घेतलेली लेन्स, अनुक्रमांक …, मला दि. … रोजी मिळाली. जाहिरातीत तुम्ही “फंगस नाही, कधी उघडलेली नाही” असे लिहिले होते. प्रत्यक्षात आतल्या काचेवर फंगस आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याने मी ती स्वीकारत नाही. मी ती न वापरता सुरक्षित ठेवली आहे. तुमच्या खर्चाने ती परत नेण्याची व्यवस्था करावी आणि सात दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी.’

एवढंच. शिव्या, शाप, ‘तुला बघून घेतो’, काही नको. हे पत्र पुढे ग्राहक आयोगाचे सदस्य वाचणार आहेत. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि स्पीड पोस्ट, तिन्हीकडे पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. नाकारलेली वस्तू स्वतः नेऊन पोचवण्याची जबाबदारी माल विक्री कायद्यानुसार खरेदीदारावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. ‘आधी लेन्स पाठव, मग पैसे बघू’ असं तो म्हणेल. कबुली लेखी घेतल्याशिवाय पाठवू नका. माझं मत विचाराल तर ६२,००० साठी सातारा-मुंबई एसटीचं तिकीट महाग नाही. सोबत एक मित्र घेऊन दुकानात जा. काउंटरवर लेन्स ठेवायची, पैसे खात्यात आल्याचा मेसेज आला की मागे सरकायचं.

पत्र गेल्यावर लगेच बँकेला लिहा. तुम्ही बहुतेक रक्कम कार्डाने भरली, हे तुमचं खरं बळ आहे, आणि लोक ते विसरतात. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणासाठी क्रेडिट कार्डाचा व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. त्याला चार्जबॅक म्हणतात. कार्ड कंपन्यांची मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते, पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते म्हणून याच आठवड्यात करा. बँक विचारते, वस्तू परत केली का किंवा परत करायचा प्रयत्न केला का. तिथे तुमचं नकाराचं पत्र जोडायचं. जाहिरात, व्हिडिओतली दोन-तीन छायाचित्रं, मेकॅनिकची चिठ्ठी, पत्र आणि पावती, एवढं एकाच पीडीएफमध्ये द्या. बँकेने दाद दिली नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. यूपीआयने दिलेले १०,००० मात्र बँक बहुधा परत आणून देणार नाही. तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले पैसे आहेत ते, त्यांचा हिशोब विक्रेत्याशीच. पुढच्या वेळी टोकनही कार्डानेच द्या.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन हुकूम देत नाही, पण तिचा फोन गेल्यावर पुष्कळ विक्रेते नरमतात आणि तक्रारीचा क्रमांक कागदोपत्री कामाला येतो.

एवढं करून हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आणि तो सातारचाच. १९८६ च्या जुन्या कायद्यात बहुतेकदा विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तिथे धावावं लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागायची सोय केली, आणि ऑनलाइन खरेदी करणाऱ्या गावोगावच्या माणसासाठी माझ्या मते हा त्या कायद्यातला सर्वांत मोलाचा बदल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ४५ दिवसांपलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. पैसे व्याजासह परत, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, हे तिन्ही वेगवेगळे मागा. भरपाईचा आकडा वाजवी ठेवा. ६२,००० च्या लेन्ससाठी पाच लाख मनस्ताप मागितला की वाचणाऱ्याचा तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास कमी होतो.

कालावधीबद्दल खरं सांगायला हवं. कायदा तीन महिने म्हणतो, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्ष, दीड वर्ष जातं, कधी जास्तही. म्हणून तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो अपमान समजू नका. पैसे परत न देता ‘पंधरा हजार घे आणि लेन्स ठेव’ असं तो म्हणाला, तर मी सहसा नको म्हणेन, कारण साफ केलेल्या लेन्सची पुढची विक्री किंमत पडलेलीच असते. पण तो पूर्ण रक्कम दोन हप्त्यांत देतो म्हणाला आणि पहिला हप्ता लगेच दिला, तर घ्या. तडजोड लेखी करा, आणि शेवटचा रुपया आल्याशिवाय कुठलीही तक्रार मागे घेऊ नका. विशेषतः चार्जबॅक. ‘तो आधी मागे घे, मग पैसे टाकतो’ या शब्दावर फसलेले तीन पक्षकार मी पाहिले आहेत.

पोलिसांत जावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्र सांगणारच. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासून बेइमानीचा हेतू दाखवावा लागतो, आणि इथे माणूस फोन उचलतो, बिल देतो, वाद घालतो. ठाण्यात तुम्हाला ‘दिवाणी मामला आहे’ असं सांगण्याची शक्यता जास्त. पैसे घेऊन नंबर बंद केला असता, खोक्यात वीट निघाली असती, नाव-पत्ता खोटा असता, तर मात्र पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगितलं असतं. आणि छायाचित्रकारांच्या ग्रुपवर त्याचा फोटो, नंबर टाकून ‘चोर’ लिहू नका. बदनामीची उलट तक्रार झाली तर तुमचं लक्ष आणि पैसा दोन्ही तिकडे जातील.

समजा, चौकशीत तो खरोखरच हौशी माणूस निघाला आणि ही त्याची एकच लेन्स होती, तर ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होतो, हक्क नाही. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, ही माल विक्री कायद्यातली अट खाजगी विक्रेत्यालाही लागू आहे. तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे लोकअदालतीसाठी दावापूर्व अर्ज द्या. खर्च नाही, आणि तिथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते.

तोवर लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसोबत ठेवा. तुमच्या बाकीच्या लेन्सच्या बॅगेत नको. डबा बंद करताना तारीख दिसेल असा एक व्हिडिओ घ्या आणि डब्यावर चिकटपट्टी लावून सही करा, म्हणजे जाळं नंतर वाढलं असं म्हणायला कुणाला जागा उरणार नाही.